नाकाखाली बोट

मागच्या मे महिन्यात मी एका झोपलेल्या माणसाशी पंधरा मिनिटं भांडलो, आणि हरलो.

अकोल्याला आमच्या टँकरच्या यार्डात एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली कायम एक खाट पडलेली असते. दुपारचे अडीच वाजले असतील, पारा पंचेचाळिसाच्या पुढे, आणि चाचा त्या खाटेवर उताणे, एक हात डोक्याखाली घेऊन, वर फांद्यांकडे पाहत पडले होते. चाचा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर. तीस वर्षं पेट्रोलचा टँकर चालवतात, आणि एवढ्या वर्षांत गाडी कुठं साधी घासलीसुद्धा नाही. मी त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि विचारलं, "चाचा, तुमच्या गाडीतला आग विझवायचा सिलिंडर कुठं आहे?"

चाचा फांद्यांकडे पाहत राहिले.

"चाचा, मी तुमच्याशी बोलून राहिलो."

काही नाही. आता माझं डोकं मुळात लवकर फिरतं, त्यात ऊन. मी म्हटलं, वा रे वा, तीस वर्षं झाली म्हणून माणसानं इतका माज करावा? सिलिंडर जागेवर नाही, सायलेन्सरची जाळी फाटलेली, वर मान वळवून पाहायचीही तसदी नाही! मी नियम सांगितले, तोंडाला येईल ते बोललो, एकदा तर "तुम्ही माझ्या वडलांच्या वयाचे आहात म्हणून ऐकून घेतो" असंही म्हणालो. ऐकून घेण्यासारखं ते काही बोललेच नव्हते. शेवटी कडुनिंबाची एक काडी त्यांच्या गालावर पडली आणि चाचा असे काही घोरले की खाटेखालचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं.

डोळे टक्क उघडे. आणि माणूस गाढ झोपलेला. अरे बाप्पा!

मी कोण ते सांगून टाकतो. मी एका खाजगी शाळेत पीटीचा मास्तर होतो. शाळेला पीटीची गरज उरली नाही, म्हणून आमच्या ओळखीच्या एका टँकरमालक शेठनं मला ठेवून घेतलं. शेठचं म्हणणं असं, की ज्याला शिट्टी वाजवता येते त्याला सेफ्टी येतेच. दोन दिवसांचं एक प्रशिक्षण झालं, पिवळं जाकीट मिळालं, आणि मी सेफ्टी ऑफिसर झालो. ड्रायव्हर मला अजूनही मास्तरच म्हणतात. आमच्या गाड्या अकोल्याच्या डेपोत भरतात आणि हिवरखेडपासून तिवसा, शेंदूरजनाघाटपर्यंतच्या पंपांवर खाली होतात. एका गाडीत बारा हजार लिटर. मागं लाल चौकोनावर ज्वाळेचं चित्र. हे सगळं घेऊन जाणाऱ्या माणसाला डुलकी लागू नये, एवढंच माझं काम.

या कामासाठी शेठनं कॅमेरे आणले होते. केबिनमध्ये स्टेअरिंगच्या वर एक डोळा बसवायचा. तो ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे पाहतो. पापणी मिटलेली राहिली की केबिनमध्ये भोंगा वाजतो आणि ऑफिसात माझ्या पडद्यावर त्या गाडीचा हिरवा गोल लाल होतो. डोळे उघडे असले की 'चालक सतर्क'. शेठ म्हणाले, "आता बाजूले क्लीनर कायले पाहिजे? मशीन हाये ना." झालं, क्लीनर लोकांना गाड्या धुवायला लावलं. हे क्लीनर म्हणजे एकापेक्षा एक बडबडे, अकोला ते अमरावती तोंडाला विश्रांती नाही, कोणाची सून पळाली इथपासून कोणत्या ढाब्याची भाजी बिघडली इथपर्यंत. त्यांच्या त्या बडबडीनं ड्रायव्हर जागे राहत होते, हे त्यांना उतरवल्यावर कळलं.

कॅमेऱ्यानं पहिल्याच आठवड्यात धिंगाणा घातला. एक ड्रायव्हर तळहातावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटताना खाली पाहायचा, की भोंगा. दुसऱ्याचे डोळे हसताना पार मिटायचे. तो बिचारा फोनवरचे विनोद ऐकत गाडी चालवायचा, आता ते बंद करून तोंड पाडून बसायला लागला, आणि तोंड पाडलं की त्याला झोप यायला लागली. तिसऱ्याचे डोळे जन्मजात बारीक. मशीनच्या मते तो मनुष्य अकोल्यापासून तिवस्यापर्यंत झोपूनच गेला होता. या सगळ्यांना नियमाप्रमाणे मी सक्तीची सुट्टी दिली. ते घरी जाऊन कूलरसमोर पडले.

आणि त्यांच्या खेपा चाचांना मिळाल्या. कारण चाचांचा गोल कधी लाल झालाच नाही. दर सोमवारी भिंतीवर यादी लागायची, सगळ्यांत वर चाचा, शंभरपैकी शंभर. शेठ यादीपुढे उभे राहून म्हणायचे, "पाहा, साठीले आला माणूस, पन थकतच नाही. द्या त्यायले अजून एक खेप."

चाचांनाही त्या यादीचं वेड लागलं. हसू नका, माणूस तीस वर्षं बारा हजार लिटर आग पाठीशी घेऊन चालवतो आणि त्याला कोणी 'शाब्बास' म्हणत नाही. गाडी नीट पोचली तर त्यात सांगण्यासारखं काय असतं? भिंतीवर आपलं नाव पहिलं पाहिलं की चाचा दाढीवरून हात फिरवायचे आणि दुसऱ्या खेपेला निघायचे. त्यांचे डोळे आत गेले होते, चहाचा कप धरताना हात हलायचा. पण मशीन म्हणत होतं, सतर्क.

तर त्या खाटेजवळच्या भांडणानंतर दोन दिवसांनी चाची ऑफिसात आली. यार्डाच्या मागच्याच मोहल्ल्यात त्यांचं घर. हातात डबा होता, पण चाचा तर खेपेवर गेलेले. डबा टेबलावर ठेवून ती उभी राहिली.

"मास्तर, तुमी त्या दिवशी यायच्याशी भांडले म्हनते."

"चाची, मला माहीत नव्हतं ते झोपलेत."

"कोनालेच समजत नाही," ती म्हणाली. "मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किंचाळली होती. सारं घर जमा झालं. सासू म्हने, पागल, झोपलाय तो. त्यायच्या बापाचंबी असंच होतं. डोळे मिटतच नाहीत झोपेत. रोज सकाळी उठल्यावर पयले यायच्या नाकाखाली बोट धरा लागते मले. मंग चूल."

"रोज?"

"तीस वर्षं झाले." मग तिनं भिंतीवरच्या यादीकडे मान केली. "तुमचं हे मशीन डोळेच पाह्यते ना? मंग त्याले काय घंटा समजन? हा माणूस झोपला तरी ते म्हनन, जागा हाये. मास्तर, घरी आले की जेवता जेवता घास हातात घेऊन झोपून राहिले. थांबवा त्यायले. पन बिमारी म्हनून लिहू नका. लिहिलं तं लायसनवरचा धोकादायक मालाचा शिक्का जाईन, मंग ते जित्तेच मरतीन."

मी शब्द दिला. छातीवर हात ठेवून दिला.

आणि काय केलं? सांगतो. आधी चाचांशी बोललो. ते मानेनात. "मास्तर, दिमाग लावा जरा. माये डोळे उघडे असते झोपेत, तं मले दिसलं नसतं काय? मले तं सपनं दिसते." दुसऱ्या दुपारी ते खाटेवर झोपले असताना मी मोबाइलवर त्यांचं चित्रण केलं, पुरावा म्हणून. जागे झाल्यावर दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि परत दिला.

"याच्यात तं मी जागा हावो," चाचा म्हणाले.

"अहो घोरताय तुम्ही!"

"ते कुत्रं असन."

मग शेठकडे गेलो. शेठनं शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रॉवरमधून एक फोटोफ्रेमसारखं सन्मानपत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. सोनेरी किनार, मधोमध 'सदैव जागृत चालक', खाली चाचांचं नाव. शनिवारी सुरक्षा सप्ताहाचा समारोप होता, मंडप, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, आलूबोंडे, सगळं ठरलेलं. "मास्तर, तुमी म्हनता हा मानूस झोपलेला असते. आन मी पत्रिका छापल्या का तो जागा असते. आता पाहुन्याइले काय सांगू? शनिवार होऊन जाऊ द्या. सोमवारी देऊ सुट्टी."

मला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. चाचांचा सत्कारही होईल, तेही खूश, सोमवारी गुपचूप आराम. सगळ्यांचं भलं. मी मान हलवली. आज त्या हललेल्या मानेचा मला इतका राग येतो, की कोणी समोर धरून दिली तर दोन थोबाडीत देईन.

शुक्रवार आला. चाचा पहाटे हिवरखेडची खेप करून दहा वाजता परतले. एका गाडीचा ड्रायव्हर मशीननं झोपलेला ठरवून घरी बसवला होता, त्याची तिवस्याची खेप चाचांना दिली. साडेअकराला ते भरून निघाले. निघताना खिडकीतून म्हणाले, "मास्तर, उद्या नवा कुर्ता घालू का पांढराच?" मी म्हटलं, पांढराच बरा.

अडीचच्या सुमारास मी पडद्यासमोर डुलक्या घेत होतो. माझ्यावर कोणाचा कॅमेरा नव्हता. कूलरमधलं पाणी संपलं, गरम हवा तोंडावर आली आणि मी जागा झालो. पडद्यावर चाचांचा हिरवा गोल अमरावती ओलांडून नांदगाव पेठच्या टोलनाक्यापुढे सरकत होता. मी सहज चित्र उघडलं. दर दहा सेकंदांनी कॅमेरा एक चित्र पाठवतो. चाचा, दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर समोर, डोळे उघडे. आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक माशी बसलेली.

पुढचं चित्र आलं. माशी तिथंच.

जाग्या माणसाच्या डोळ्यात माशी बसून राहते का हो? तिसऱ्या चित्रात माशी नव्हती, चाचांनी पापणी हलवलेली दिसत होती. चौथ्यात पुन्हा तीच नजर. मी भोंग्याचं बटण दाबलं. बटण दबेचना. त्याच्यावर अक्षरं आली: 'चालक सतर्क आहे. इशाऱ्याची गरज नाही.' पुन्हा दाबलं. 'चालक सतर्क आहे.' मी त्या पडद्याला जी शिवी दिली ती शाळेच्या मैदानावरही कधी दिली नव्हती. चाचांना फोन लावायचा तर गाडी चालवताना ड्रायव्हरचा मोबाइल पेटीत बंद राहील, हा नियम मीच केलेला. पेटीचं कुलूप मीच पसंत केलेलं.

मग चाचीला फोन लावला. बोबडी वळलेली होती, तरी तिला कळलं. तिनं एकच विचारलं, "कुठं आहेत?"

"टोलनाक्याच्या पुढं, तिवस्याकडं."

"फोन ठेवा," ती म्हणाली.

त्या रस्त्यावर तिवस्याच्या अलीकडे एक लहान गाव आहे, चाचीचं माहेर. तिच्या भावाचं रस्त्याला लागूनच पंक्चरचं दुकान. आमच्या भागात रस्त्यावरच्या लोकांची एक पद्धत आहे. चालत्या ट्रकच्या मागच्या चाकात काही गडबड दिसली की ओळख ना पाळख, माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून चाकाकडे बोट दाखवतो आणि पंजा खाली-वर हलवतो. ते पाहून कुठलाही ड्रायव्हर थांबतोच. पोलिसाच्या हाताला हुलकावणी देतील, पण चाकाकडे दाखवणाऱ्या हाताला नाही. चाचीचा भाऊ, त्याचे दोन शेजारी आणि भजी तळणारी एक बाई, असे चौघं जण रस्त्याच्या कडेनं पन्नास-पन्नास पावलांवर उभे राहिले आणि चाचांचा टँकर दिसताच चौघंही चाकाकडे बोट दाखवून हात हलवायला लागले.

पडद्यावर गोल थांबला. मी खुर्चीत बसलो, आणि मला रडू आलं. हो, आलं.

शेठला सांगितल्यावर ते म्हणाले, "भरलेली गाडी रस्त्यावर उभी ठेवता येत नाही, चला." चाचीलाही घेतलं. शेठ गाडी चालवत होते, मी पुढं, चाची मागं. मूर्तिजापूरच्या आसपास माझा फोन वाजला. अनोळखी आवाज, त्या गावातला मेडिकल दुकानदार. टँकरच्या दारावर लिहिलेला आमचा नंबर त्यानं लावला होता.

"तुमचा ड्रायव्हर गेला जी. ऊन लागलं. खाटेवर टेकले आन गेले. डोळे उघडेच राह्यले."

फोन स्पीकरवर होता. शेठनं पहिला प्रश्न विचारला, "टँकर?" दुसरा प्रश्न विचारायच्या आधी त्यांनी आरशात चाचीकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

चाची म्हणाली, "डोळे उघडे हायेत ना? मंग झोपले असतीन."

"अहो दादा, श्वास पाहा, नाकाखाली बोट धरा!" मी ओरडलो. तो म्हणाला, "आता जवळ जाता येत नाही. पोलीस आला, त्यानं सारं गाव मागं सारलं." चाचीच्या भावाचा फोन सारखा बिझी, कारण तो सगळ्या नातेवाइकांना मेहुणा गेल्याचं कळवत होता. त्याला तरी कसं कळावं? तीस वर्षांत जावई सासुरवाडीला कधी आडवा झाला नव्हता. जावयानं पाठ टेकवायची नाही, ताठ बसून सरबत प्यायचं, हा त्यांच्याकडचा रिवाज.

"झोपलेच असतीन," चाची पुन्हा म्हणाली. बडनेरा गेल्यावर मागून तिचा आवाज आला, एकदम लहान. "मास्तर, मले तीस वर्षं हेच भेव हाये. ज्या दिवशी ते खरंच जातीन, त्या दिवशीबी मी म्हनन, झोपलेत. चूल पेटवन, चहा ठेवन. मले समजनच नाही."

मी मागं वळून पाहिलं नाही. माझ्यात हिंमत नव्हती.

पोचलो तेव्हा साडेपाच झाले होते. टँकर दुकानापासून तीसेक पावलांवर, कडेला नीट उभा. चाकांना दगड लावलेले, झोपेनं मेलेला माणूसही ते विसरला नव्हता. आणि झाडाखाली सगळं गाव जमलेलं, पण आवाज नाही. खाटेवर चाचा, गळ्यापर्यंत पांढरी चादर, दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या, डोक्याशी दुकानातला मोठा पंखा बर्फावरून वारा फेकत होता. आणि पायाशी उदबत्त्यांचा पुडा पेटवून लावलेला. बारा हजार लिटर पेट्रोलपासून तीस पावलांवर!

माझा ताबा सुटला. "उदबत्ती विझवा! कोणी लावली? विझवा आधी!" लोक माझ्याकडे असे पाहायला लागले की माणूस आहे का राक्षस. बंदोबस्ताचा पोलीसदादा बिडी ओढत होता, त्याच्या तोंडातली बिडी मी काढून पाण्यात टाकली. तो इतका चकित झाला की त्यानं सलाम केला. बहुतेक पिवळ्या जाकिटामुळे.

मेडिकलवाला हळूच सांगायला लागला. नाडी त्यानंच पाहिली होती. टँकरच्या मागच्या त्या ज्वाळेच्या चित्राला भिऊन त्याचा हात इतका थरथरत होता की त्याला काही लागली नाही. "डोळे तीन डाव मिटवले जी. तिन्ही डाव उघडले. म्हातारे लोकं म्हनतात, कोनाची तरी वाट पाहून राह्यले."

शेठनं टोपी काढली. खाटेपासून आदरानं चार हात लांब उभे राहून ते म्हणाले, "उद्याचा सन्मान आता मरनोत्तर द्या लागन." आणि खरंच त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत.

चाची कोणाकडेही न पाहता खाटेपाशी गेली. खाली बसली. पदराला हात पुसला आणि चाचांच्या नाकाखाली बोट धरलं.

किती वेळ ते मला माहीत नाही. पंखा चालू होता, बर्फाचं पाणी ठिबकत होतं, आणि मी तिच्या बोटाकडे पाहत होतो. पंख्याच्या वाऱ्यात तिला कळत नसावं. तिनं दुसऱ्या हातानं पंख्याचं तोंड फिरवलं. पुन्हा बोट धरलं. मग तिचे खांदे खाली आले.

तिचा भाऊ हंबरडा फोडायच्या बेतात होता. तिनं त्याच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. मी जवळ वाकलो तर माझ्या कानात म्हणाली, "जित्ते हायेत. पन सांगू नका कोनाले. सांगितलं तं सारे आनंदानं बोंबलतीन, आन हे उठतीन. झोपू द्या."

मग ती गावाकडे वळली आणि घरच्या बाईच्या अधिकारानं म्हणाली, "रडा. पन हळू रडा."

आणि गाव हळू रडलं. तासभर. गाड्यांना हॉर्न वाजवू दिले नाहीत, पोरं पिटाळली, कोणी बर्फाची नवी लादी आणली. मी शेठच्या कानात खरं सांगितलं, तर शेठ डोळे पुसत हसायला लागले आणि लोकांना वाटलं, दुःखानं यांचं डोकं गेलं. मी त्या खाटेकडे पाहत विचार करत होतो: थंडावा, अंधारी सावली, आवाज नाही, उठवायला कोणी नाही, दुसरी खेप नाही. इतक्या वर्षांत या माणसाला अशी झोप आम्ही कधी दिली होती? त्यासाठी त्याला मरावं लागलं.

साडेसहाला चाचांची पापणी लवली. त्यांनी बर्फाकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, रडणाऱ्या गावाकडे, उघड्या डोक्यानं उभ्या असलेल्या शेठकडे. घाईघाईनं उठून बसले, टोपी नीट केली आणि साल्याला दबक्या आवाजात विचारलं, "कौन गुजर गया रे?"

त्यानंतर जो गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. भजीवाली बाई बेशुद्ध पडली आणि ते बर्फ तिच्या कामी आलं. टँकर अकोल्याहून मागवलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरनं तिवस्याला नेऊन खाली केला.

परतताना चाचा गाडीत माझ्या शेजारी मागं बसले होते. नांदगाव पेठचा टोलनाका आला तेव्हा ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मास्तर, एक गोष्ट विचारू? हा नाका मले आठवते. पावती घेतली, पानी पेलो. त्याच्या बाद साल्याचा हात आठवते. चाकाकडं दाखवून राह्यला होता. मधात काहीच नाही."

मधे सोळा-सतरा किलोमीटर होते. एक शाळा, एक पूल, आणि शुक्रवारचा आठवडी बाजार भरतो ते एक गाव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजी घेऊन बसलेल्या बाया.

"मी त्या बाजारातून गेलो काय?" चाचांनी विचारलं.

"गेलात, चाचा."

"आन मशीन काय म्हने?"

"सतर्क."

चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. चाची पुढच्या सीटवर होती, तिच्याकडे पाहून ते एकदम म्हणाले, "तू रोज बोट धरतं म्हने नाकाखाली. खरं हाये?" ती वळली नाही. नुसती मान हलवली. तेव्हा तो साठीचा माणूस लहान पोरासारखा रडला, आणि या वेळी कोणी हळू रडा म्हणालं नाही. "शेठ," रडता रडताच ते म्हणाले, "उद्या मायं नाव पुकारू नका." शेठनं पुकारलं नाही. सन्मानपत्र परत ड्रॉवरमध्ये गेलं, आणि सोमवारी क्लीनर लोक पुन्हा गाड्यांमध्ये चढून बडबडायला लागले. भिंतीवरची यादी मी फाडली.

चाचा आता एकच खेप करतात, सकाळची. परत आले की दुपारी दोन ते चार कडुनिंबाखाली झोपतात, डोळे उघडे ठेवून. मी पडद्याकडे पाठ करून त्यांच्या खाटेशी खुर्ची टाकून बसतो. दर अर्ध्या तासानं नाकाखाली बोट धरतो, मग चाचीला फोन लावतो. ती पलीकडे पहिल्याच घंटीला उचलते आणि वाट पाहते.

"चालू आहे, चाची," मी सांगतो.